बोरीचं खोड

मे महिन्यातल्या वादळात आमच्या असोद्याच्या घरामागची बोर मुळासकट आडवी झाली. गावाबाहेर केळीच्या बागा झोपल्या होत्या, त्यात एका बोरीचं कुणाला काय वाटणार! दुसऱ्या दिवशी कापायला माणूस आला. मशीनची करवत खोडात शिरली आणि गोडसर, किंचित आंबूस वास अंगणभर सुटला. कापलेल्या तोंडावर तांबूस गाभा ओला चमकत होता. वीटभट्टीचा ट्रॅक्टर दारात उभाच होता, क्विंटलचा भावही सांगून झाला होता. मी नाही म्हणालो.

त्या वासानं मला लहानपणीच्या जळगावच्या रथोत्सवात नेलं. कार्तिकी एकादशीला रामाचा रथ निघतो. चाकाखाली मोगरी लावणारे जिवावर उदार होऊन तो अजस्र रथ वळवतात, थांबवतात. सगळ्यांचे डोळे तिकडे, आणि मी रस्त्याकडेला बसलेल्या म्हाताऱ्या कातारीबाबांपुढे उकिडवा. त्यांचा पोरगा दोरी ओढायचा, लाकूड गरगर फिरायचं, बाबा पायाच्या अंगठ्यानं पटाशीला आधार द्यायचे आणि कात्रणांच्या लांब वळ्या त्यांच्या मांडीवर साचायच्या. मग लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवायची. घासून घासून ती तापायची, वितळायची आणि लाल पट्टा उमटायचा. वरून केवड्याचं पान दाबून घोटलं की झळाळी. माझा भोवरा बोरीचा होता. “सागाचा फुटीन, हा नाही फुटनार,” असं म्हणून त्यांनी तो फरशीवर आपटून दाखवला होता.

जाळायला लाकूड नको, असं मी म्हणत नाही. असोद्याचं नाव वांग्याच्या भरितानं झालंय आणि जाळाशिवाय भरीत कसलं? पण भरताच्या वांग्याला लागतात कपाशीच्या पऱ्हाट्या. त्यांचा जाळ झपकन उठतो, वांग्याला चहूबाजूंनी लपेटतो आणि साल करपायच्या आत गर शिजवतो. जाड ओंडक्याचं तिथं काही काम नाही. त्याचं काम पुढचं. भाजलेली वांगी ठेचायला लाकडाची बडगी लागते, मुसळी लागते. सरपण शेत दरवर्षी देतं. बोरीचा असा गाभा तयार व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. रस्ता रुंद करताना आमच्या वाटेवरची जुनी चिंच तोडली, तिचा काळपट जांभळा गाभा घाण्याला, उखळाला पुरून उरला असता. ठेकेदारानं तो वजनावर घालवला. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, अंजन आहेत, बोर नाही. पण यादीतलं झाड परवानगीनं पडलं तरी पुढे त्याचं काय करायचं, हे विचारतो कोण?

गावच्या वस्तूचं मोल ओळखणारेही इथं येऊन गेलेत. तापीपलीकडे फैजपूर आहे. 1936 च्या डिसेंबरात तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींचा हट्ट असा, की सजावट गावातल्याच वस्तूंची हवी. शांतिनिकेतनातून नंदलाल बोस आले आणि त्यांनी इथल्या बांबूतून अधिवेशनाची नगरी सजवली. अध्यक्ष नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. एवढा मोठा चित्रकार आमच्या बांबूपुढे थांबला, हे आठवलं की अंगणातल्या खोडाकडे मी पुन्हा वळून बघतो.

खोड कातून घ्यायचं ठरवलं, पण कातारी सापडेना. सुतार म्हणाले, हल्ली प्लायवुडचंच काम. सावंतवाडीचे चितारी पांगाऱ्याची खेळणी करतात, चन्नपटणची खेळणी काळ्या कुड्याची, आणि तो कुडा आमच्या सातपुड्यातही उगवतो. पण माझ्या दोन ओंडक्यांसाठी एवढ्या लांब कोण जाणार? शेवटी जळगावात पलंगाचे पाय कातणारा एक तरुण भेटला. मोटारीवरचा खराद, सगळं काम सागाचं. बोर त्यानं कधी खरादावर लावली नव्हती, तरी फोटो बघून म्हणाला, “दादा, आधी मधला मगज काढून उभं चिरून घ्या. टोकांना मेण लावा, नाहीतर शेणमाती. टोकातून पाणी लवकर उडतं आणि लाकूड उलतं. सावलीत ठेवा, इंचाला एक वर्ष धरा.” वाडगे हवे असतील तर ओलं असतानाच जाडसर कातून ठेवायचे आणि सुकून वाकडे झाले की पुन्हा खरादावर चढवायचे, हेही त्यानंच सांगितलं.

त्याचे वडील बाजूला खाटेवर बसले होते. नेलेला तुकडा त्यांनी हातात घेतला, अंगठा फिरवला आणि पैशांचं बोलणं मधेच तोडून म्हणाले, “याचं चाडं होईन.” पेरणीच्या तिफणीवरचं चाडं, बी सोडायची वाटी. ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आल्यापासून त्यांच्याकडे कुणी ते मागितलेलं नाही. वाटी खरादावर, खालची तीन भोकं गिरमिटानं. सांगताना त्यांचे हात हवेत ते चाडं घडवत होते. मग विचारलं, “तुमच्याकडे मूठ कोनाची?”

आईची. पेरणीच्या दिवसांत तिला भाऊबंदांकडून बोलावणी यायची. चाड्यात मुठीनं बी सोडत तिफणीमागे चालताना तिन्ही नळ्यांत दाणा सारखा पडायचा, उगवल्यावर ओळीत कुठे खाडा दिसायचा नाही. आम्हा भावंडांना तिनं ते शिकवायचा प्रयत्न केला, पण आम्ही शाळेच्या वाटेला लागलो. आता तिला नीट दिसत नाही. घरी येऊन चाड्याचं सांगितलं तशी ती उठून बसली, मूठ वळली, करंगळी जराशी सैल सोडली आणि म्हणाली, “त्याले सांग, भोकं मोठी ठेव. हरभरा अडकते.”