बिऱ्हाडाचें अंदाजपत्रक

बिऱ्हाड हलविणें ही गोष्ट मराठी मध्यम वर्गाला नवी नाहीं. बदलीच्या नोकरीवर ज्यांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्यांच्या घरीं ट्रंका, वळकट्या आणि भांड्यांचीं पोतीं यांचा हिशेब तोंडपाठ असे. त्यांतही पुण्याहून बडोद्यास जाणें म्हणजे परमुलखांत जाणें असें कोणी मानीत नसे. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दींत, म्हणजे १८७५ ते १९३९ या काळांत, कित्येक मराठी कुटुंबें नोकरी-व्यवसायानिमित्त तेथें राहिलीं व तेथलींच झालीं. १ मे १९४९ रोजीं बडोदें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि पुढें अकरा वर्षें, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र व गुजरात हीं राज्यें वेगळीं होईपर्यंत, पुणें व बडोदें हीं दोन्ही शहरें एकाच राज्यांत नांदलीं. मधलें सुमारें साडेपांचशे किलोमीटरांचें अंतर तेव्हां होतें तेवढेंच आजही आहे. परंतु आज त्यांच्या दरम्यान राज्याची सीमा आहे, आणि सीमा ओलांडली कीं शाळा, वाहन, भाडेकरार, मतदार-यादी अशा प्रत्येक ठिकाणीं नवा नियम उभा राहतो. नियम म्हटला कीं वेळ गेला आणि पैसाही गेला.

२०२४ च्या मे महिन्यांत आम्हीं हें स्थलांतर केलें. कुटुंब पांच माणसांचें : आम्ही उभयतां, नुकताच आठवी झालेला मुलगा, चौथी झालेली मुलगी, आणि शहात्तर वर्षांच्या मातोश्री. जाण्याचें कारण साधें होतें. आमच्यापैकीं एकाच्या कारखान्यांतील ज्या विभागांत नोकरी होती तो विभागच बडोद्यास जाणार होता. वरोबर जावें तर पगारांत महिना ३०,००० रुपयांची वाढ. मागें राहावें तर सत्तेचाळिसाव्या वर्षीं नव्या नोकरीचा शोध. आप्तेष्टांना वाढीचा आंकडा कळतांच अभिनंदनांचा वर्षाव झाला. आम्हीं मात्र अभिनंदन स्वीकारण्यापूर्वीं दोनशे पानी वही आणली व तिच्या पहिल्या पानावर वाढीचा आंकडा मांडून त्याच्या खालीं वजाबाकी करावयास बसलों.

पहिली वजाबाकी शिक्षिकेच्या पगाराची. आम्हां उभयतांपैकीं दुसरीची पुण्यांतील एका शाळेंत अठरा वर्षांची नोकरी होती आणि महिना २४,००० रुपये वेतन होतें. बहुतेक घरांतून हा आंकडा अंदाजपत्रकांत येतच नाहीं. ‘तिची नोकरी काय, तेथेंही मिळेल,’ असें म्हणून तो पुसला जातो. आम्हीं तो सर्वांत वर मांडला. तीस हजारांतून चोवीस हजार गेले, उरले सहा. पुण्यांतील राहतें घर भाड्यानें दिल्यास १८,००० येणार आणि बडोद्यांत १६,५०० द्यावे लागणार. म्हणजे दीड हजार वाढले. पुण्याच्या घराची देखभाल व सोसायटीची वर्गणी २,५०० वजा. वर्षांतून चार वेळां पुण्यास येणें-जाणें, त्याचे महिन्याकांठीं २,५०० वजा. खालीं रेघ ओढली तेव्हां तीस हजारांच्या वाढीचे निव्वळ अडीच हजार रुपये राहिले होते.

दुसऱ्या पानावर एकदांच करावयाचा खर्च मांडला. सामान बांधून पोंचविण्याचे ४६,०००. गाडी स्वतः चालवीत नेण्याचें पेट्रोल व टोल ६,०००. घर पाहण्यासाठीं आधींची एक खेप ९,०००. नव्या घराची दोन महिन्यांची अनामत ३३,०००. दलाली एक महिन्याची, १६,५००. दोन्ही मुलांचा शाळाप्रवेश, गणवेश व पुस्तकें ६०,०००. पडदे, कूलर, दिव्यांचें काम २५,०००. गाडीच्या नव्या नोंदणीचा कर ३८,०००. बेरीज २,३३,५००. तिच्यावर अकल्पित खर्चासाठीं सुमारें एक दशांश, म्हणजे २३,५००. एकूण २,५७,०००. कारखान्यानें प्रथम पन्नास हजार देऊं केले होते. वहीचीं हीं दोन पानें नीट लिहून काढून वरिष्ठांपुढें ठेवल्यावर त्यांनीं ती रक्कम पंचाहत्तर हजार केली. नुसत्या विनंतीनें पंचवीस हजार वाढले असते असें आम्हांस वाटत नाहीं. उरले १,८२,०००, अनामत एके दिवशीं परत येणार म्हणून ती वगळली तर १,४९,०००. महिना अडीच हजारांप्रमाणें हा खर्च भरून यावयास पांच वर्षें लागतात. ज्या वाढीबद्दल पेढे मागितले जात होते, ती वाढ पांच वर्षें केवळ बिऱ्हाड हलविल्याचें देणें फेडीत बसणार होती!

तरी आम्ही गेलों. कारण पुण्यांत राहण्याचेंही अंदाजपत्रक आम्हीं तिसऱ्या पानावर केलें होतें, आणि तें अधिक भयावह होतें. परंतु या आंकड्यांनीं एक गोष्ट निश्चित झाली. सारें कुटुंब एकाच्या नोकरीसाठीं हलत होतें, आणि त्याची किंमत सर्वांत अधिक दुसरीच्या खात्यावर पडत होती. तेव्हां पुढचे निर्णय तिच्या बाजूनें व्हावे हें न्यायाचें होतें. घर कारखान्याजवळ न घेतां जेथून चार-पांच शाळांना सहज जातां येईल अशा वस्तींत घेतलें; कारखान्यास जाणाऱ्याचा रोजचा पाऊण तासाचा प्रवास वाढला तो त्यानें सोसला. गुजराती शिकण्याच्या वर्गाची फी अकल्पित खर्चांत न ढकलतां वेगळी मांडली.

मातोश्रींना वही दाखविली तेव्हां त्यांनीं चष्मा लावून दोन्ही पानें वाचलीं व विचारलें, “ह्यांत माझा खर्च कोणता?” आम्हीं औषधांचा व तपासण्यांचा आंकडा दाखविला.

“हा शरीराचा झाला,” त्या म्हणाल्या. “माझीं माणसें इथें आहेत. रोज संध्याकाळीं देवळांत सहस्रनामाला आम्ही अकराजणी असतों. तिथें कोण असणार?”

त्यांची सूचना अशी कीं, पुण्याचें घर भाड्यानें देऊं नये; कुलूप लावून ठेवावें, म्हणजे मनास येईल तेव्हां येतां येईल. आम्हीं ती सूचनाही आंकड्यांत मांडली. भाड्याचे अठरा हजार गेले असतां महिन्याची शिल्लक जाऊन साडेपंधरा हजारांची तूट येत होती. मातोश्रींनीं एके काळीं दीडशे रुपयांत घर चालविलें आहे; आंकडा पाहतांच त्यांनीं हट्ट सोडला. परंतु त्यांनीं हट्ट सोडला एवढ्यावरून त्यांचें नुकसान टळत नाहीं. म्हणून प्रवासाच्या वार्षिक तीस हजारांपैकीं निम्मे त्यांच्या नांवें वेगळे काढले, आणि असें ठरलें कीं वर्षांतून दोन महिने त्या पुण्यास लेकीकडे राहतील. केव्हां जावें हें त्याच ठरवितील व त्या पैशाचा हिशेब कोणी विचारणार नाहीं. हें ऐकल्यावर त्यांनीं स्वतःच देवघरांतील कोणत्या मूर्ती बरोबर न्यावयाच्या व सामानाच्या गाडींत न घालतां मांडीवर घेऊन जावयाच्या, तें सांगितलें.

मुलांचा प्रश्न पैशाहून नाजूक होता. महाराष्ट्रांत वैद्यकीय महाविद्यालयांतील राज्याच्या वाट्याच्या जागांसाठीं दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा साधारणतः राज्यांतल्याच शाळांतून दिलेल्या असाव्या लागतात. इतरत्रही अशाच धर्तीचे नियम असतात. दहावी एका राज्यांत आणि बारावी दुसऱ्यांत असें झालें तर मूल दोहोंकडून परकें ठरण्याची भीति. आमच्या मुलाची आठवी झाली होती, म्हणून नववीपासून बारावीपर्यंतचीं चारही वर्षें एकाच राज्यांत होणार होतीं. एक वर्ष उशीर झाला असता तर दहावीपर्यंत थांबून दोन बिऱ्हाडें करण्याचा विचार करावा लागला असता. ज्यांचीं मुलें या वयाचीं आहेत त्यांनीं पगाराच्या आधीं हा नियम वाचावा. मुलीच्या बाबतींत वेगळें होतें. गुजरातेंत २०२३ च्या कायद्यानें पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांतून गुजराती शिकविणें सक्तीचें झालें आहे. म्हणून एप्रिलपासूनच आम्हीं घरीं गुजराती बाराखडी सुरू केली. बरींच अक्षरें देवनागरीसारखीं, पण वर शिरोरेघ नाहीं. “ह्यांचें छप्पर उडालें आहे,” असें म्हणत मुलगी पंधरा दिवसांत पाट्या वाचूं लागली.

सामानाविषयीं थोडक्यांत सांगतों. नेणारा सामानाच्या किंमतीचे पैसे घेत नाहीं. तें गाडींत किती जागा अडवितें त्याचे घेतो. म्हणून प्रत्येक मोठ्या वस्तूपुढें आम्हीं दोन आंकडे लिहिले : नेण्याचा खर्च आणि तेथें तशीच वस्तु जुन्या बाजारांत घेण्याचा खर्च. या कसोटीवर सोफा, लोखंडी पलंग व जुनें धुण्याचें यंत्र पुण्यांतच राहिलें. आजोबांचें सागवानी कपाट मात्र कसोटींत नापास होऊनही गेलें; असा एखादा अपवाद आधींच लिहून ठेवावा, म्हणजे दहा होत नाहींत. पुस्तकें लहान खोक्यांत भरावीं. मोठें खोकें हमालाला उचलत नाहीं व तळ फाटतो. तीन कंपन्यांकडून दर मागविले : ३८,०००, ४६,००० आणि ५२,०००. सर्वांत स्वस्त दरांत तिसऱ्या मजल्यावर सामान चढविणें व वाटेंतील विमा धरलेला नव्हता. तो धरला तर तोच महाग पडत होता. सामानाची यादी दोघांच्या सह्यांनिशीं करावी, कांचेच्या व विजेच्या वस्तूंचीं छायाचित्रें काढून ठेवावीं, आणि सारी रक्कम आगाऊ देऊं नये.

सरकारी कागदांचा क्रम असा. गाडी दुसऱ्या राज्यांत बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें तेथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठीं आधीं जुन्या कार्यालयाचें ना-हरकत प्रमाणपत्र हवें. गाडीवर कर्ज असल्यास बँकेचेंही. कर नव्या राज्यांत प्रथम भरावा लागतो, आणि जुन्या राज्यांतील उरलेल्या काळाचा कर वेगळा अर्ज करून परत मागावा लागतो. म्हणून तो परतावा आम्हीं जमेस धरलाच नाहीं; येईल तेव्हां आनंद मानावा. गॅसचें सिलिंडर व रेग्युलेटर परत केले कीं जुनी अनामत मिळते, पण ती जुन्या दराची. नवी भरतांना आजचा दर लागतो. मतदार-यादींतील नांव नव्या पत्त्यावर नेण्यास आठ क्रमांकाचा अर्ज आहे. आणि या सर्वांच्या मुळाशीं घराचा भाडेकरार असल्यामुळें तो पहिल्या आठवड्यांतच हातीं घ्यावा. पत्त्याचा पुरावा म्हणून पुढचें प्रत्येक कार्यालय तोच मागतें.

वर्ष संपल्यावर वही पुन्हां उघडली. एकदांचा खर्च २,६४,३०० झाला. अंदाजाहून ७,३०० अधिक. बडोद्याच्या उन्हाळ्यांत एका कूलरनें भागलें नाहीं, दुसरा घ्यावा लागला. २०२५ च्या जूनपासून शिक्षिकेस एका शाळेंत अर्ध्या वेळेचें काम मिळालें, १२,००० रुपयांचें. म्हणजे अठरा वर्षांच्या अनुभवाचें मोल नव्या गांवीं निम्म्यावर आलें. वहींत तें ‘वाढ’ म्हणून न लिहितां ‘अद्याप येणें १२,०००’ असें तिनें स्वतःच्या हातानें लिहिलें, आणि तें आम्हीं तसेंच ठेवलें आहे. मातोश्रींना शेजारच्या सोसायटींत तीन मराठी बायका सांपडल्या आहेत. सहस्रनाम चौघींत होतें. पुण्याचे दोन महिने त्यांनीं पौष-माघांत घेतले.

बिऱ्हाड हलवूं पाहणाऱ्या वाचकांस आमचें सांगणें इतकेंच आहे. खर्चाची बेरीज कोणीही करील. तेवढ्यानें अंदाजपत्रक पुरें होत नाहीं. प्रत्येक रकमेपुढें, आणि ज्यांची रक्कम होत नाहीं अशा गोष्टींपुढेंही, ती घरांतील कोणाकडून जाते तें नांव लिहावें. एकाच नांवापुढें ओळी वाढूं लागल्या तर निघण्यापूर्वींच त्यांतील कांहीं ओळी इतरांनीं वांटून घ्याव्या. सामान गाडींत चढल्यावर ही वांटणी होत नाहीं. जो तो आपापलें ओझें घेऊन नव्या घरांत शिरतो, आणि मग तें कोणाचें हें विचारावयास कोणाला सवड नसते.