गणिताचे ओझे आणि तासांचा हिशेब

शिरोड्याला शिक्षणाचे मोल नव्याने सांगावे लागत नाही. वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ या काळात येथेच अध्यापन केले. एकेकाळी मुलांना शाळेत पाठविणे हीच पालकांची कसोटी होती. आज दहावीच्या निकालानंतर 'विषय कोणते घ्यावेत?' हा प्रश्न घराघरांतील झोप उडवितो. गतवर्षी तो आमच्याही घरी उभा राहिला.

आमची कन्या मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण झाली. गणिताची तिला उपजत गोडी. विज्ञान शाखा निश्चित झाली. परंतु गणित व जीवशास्त्र दोन्ही घ्यावेत की गणित ठेवून जीवशास्त्र सोडावे, याचा निर्णय होईना. मुंबईच्या मामांनी कळविले, "दोन्ही घ्या, दोन्ही दारे उघडी राहतील." आजीची इच्छा त्याहून जुनी होती. रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन बांबोळी गाठावी लागते, हे तिने आयुष्यभर पाहिलेले. "घरात एक तरी डॉक्टर व्हयो गो बाय," असे ती म्हणे. त्या शब्दांपुढे आम्हा उभयतांना उत्तर सुचत नसे.

अखेर एका रविवारी आम्ही तिघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६. कॉलेज व एसटीचा प्रवास मिळून ५४. जेवणखाण, घरकाम, मिस्सा व प्रार्थना यांचे २१. शिकवणीचे १२. उरले २५. प्रत्येक शास्त्रविषयाला सात व इंग्रजीला दोन तास धरले, तर चार विषयांना ३० तास लागत होते आणि तीन विषयांना २३. चार घेतल्यास पाच तास कमी पडत होते. ते झोपेतूनच जाणार हे उघड होते. तीन घेतल्यास दोन तास उरत होते, आणि तेवढाच वेळ तिच्या गायनवृंदाच्या सरावाला लागे.

कागदावर न मावणारे ओझे आणखी एक होते. अकरावी विज्ञानाचे अध्यापन इंग्रजीतून होते. काटकोन, छेद, वर्गमूळ हे शब्द ज्या मुलीच्या ओठांवर, तिला तेच गणित परक्या नावांनी नव्याने भेटणार होते. त्यातच सदिश, विकलन व संकलन यांची भर.

पुढचा प्रश्न होता गणिताच्या पातळीचा. बोर्डाची लेखी परीक्षा ८० गुणांची. तेथे पायरीपायरीला गुण मिळतात. राज्याच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही नाहीत. जेईई मेनमध्ये गणिताचे प्रश्न २५ च, पण एकेकात दोन-तीन प्रकरणे गुंफलेली, आणि उत्तर चुकले तर गुण वजा. विषय एकच, पण तयारी तीन प्रकारची. जेईईच्या खास वर्गासाठी तिला दूर शहरी वसतिगृहात ठेवावे लागले असते.

निर्णय आम्ही तिच्यावर सोपविला. तिने जीवशास्त्र सोडले आणि बोर्ड व सीईटी यांपुरतेच गणित मनापासून करण्याचे ठरविले. जीवशास्त्राविना 'नीट' देता येत नाही. आजीच्या स्वप्नाचे दार त्या दिवशी मिटले, हे आम्ही लपवीत नाही. आजी दोन दिवस गप्प होती. औषधनिर्माणशास्त्राला गणितावरही प्रवेश मिळतो, हे समजल्यावर तिने नातीला हाक मारून विचारले, "म्हणजे औषधा तरी करशील मा?"

इंग्रजी अंगवळणी पडायला दिवाळी उजाडली. आज बारावीत पाठ्यपुस्तकातील एकही उदाहरण ती न सोडविता पुढे जात नाही. निकाल काय लागेल ते परमेश्वराच्या हाती. परंतु अडलेल्या गणितापाशी अर्धा तास शांतपणे बसण्याची सवड तिला आहे, याचे आम्हाला समाधान वाटते.

पालकहो, प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी शेजारच्या मुलाचे गुण विचारू नका. आपल्या मुलाचे तास मोजा. सारी दारे उघडी ठेवण्याच्या हौसेपायी एकाही दारातून आत शिरण्याचे बळ उरू नये, असे होऊ देऊ नका. आणि तो हिशेब मुलालाच मांडू द्या. पुढची दोन वर्षे तो त्यालाच जगायचा असतो.