तंजावरला तमिळ शिकताना

तंजावरला मी आले ती मोडी वाचायला. सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी रुमाल मराठीच, मग इथल्या भाषेवाचून काही अडणार नाही असं पुण्यात सगळ्यांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात माझ्या दिवसाची घडी बसली ती तमिळभोवतीच.

सकाळी घरमालकीण मामी दारात सडा घालून कोलम काढतात आणि मग फिल्टर कॉफी करतात. टंबलरमधली कॉफी उंचावरून डबऱ्यात, डबऱ्यातली परत टंबलरमध्ये, असं फेस येईपर्यंत चालतं. तेवढ्या वेळात आदल्या दिवशीचा धडा त्या माझ्याकडून म्हणून घेतात. तो नीट म्हटला की मगच कॉफी हातात मिळते. मला ही शिस्त मनापासून आवडते.

कॉफीनंतर एका निवृत्त शिक्षकांकडे शिकवणी. क, ख, ग, घ या चारांना तमिळमध्ये अक्षर एकच. उच्चार शब्दातल्या जागेवरून ठरतो. आपला ळ तिथे आहेच, पण 'तमिळ' म्हणताना लागतो तो वेगळा. जीभ मागे वळवायची आणि टाळूला टेकू द्यायची नाही. सर स्वतः तोंड उघडून जीभ दाखवतात. शिवाय पुस्तकातली तमिळ वेगळी आणि बसमधली वेगळी, त्यामुळे वहीच्या प्रत्येक पानाला मधोमध रेघ.

मग ग्रंथालय. 1855 मध्ये इंग्रजांनी खालसा केलेल्या इथल्या भोसल्यांच्या राज्याचा कारभार मोडीत चाले, पण जमीन, पाणी, धान्य सगळं कावेरीकाठचं. हिशेबातलं नाणं चक्रम्, धान्याचं माप कलम आणि जमिनीचं वेली. एक वेली म्हणजे साधारण साडेसहा एकर. आकडा कोशातही मिळतो. पण वेलीभर भाताला पाणी किती लागतं, माणसं किती लागतात, हे मामींनी समजावलं. त्यांच्या माहेरी भातशेती आहे. त्या बोलत गेल्या तशी माझ्या टिपणातली कोरडी रक्कम एका कुटुंबाचं वर्ष होऊन समोर आली. यासाठी दुभाषा पुरत नाही. महाराष्ट्रातून इथे मोडीसाठी येणाऱ्या प्रत्येकाने आधी तमिळला वेळ द्यावा, असं माझं ठाम मत झालंय.

ऊन उतरलं की बृहदीश्वराच्या मंदिरात जाते. दुपारी तिथला दगड अनवाणी पायांना सोसत नाही. राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेल्या या देवळात चोळांचे तमिळ लेख आहेत आणि सरफोजी दुसरे यांच्या काळात, 1803 मध्ये, कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहासही. मराठी आधीपासून वाचता येत होतं. आता तमिळ लेखांपाशीही थांबते. ती जुनी अक्षरं अजून लागत नाहीत, पण शिकायची आहेत. इथल्या भोसल्यांनी तरी एका भाषेवर कुठे भागवलं? शहाजीराजांनी 1684 ते 1712 या आपल्या राजवटीत मराठीबरोबर तेलुगूतही नाटकं लिहिली, आणि 'पंचभाषाविलास' नाटकात तर पाच भाषा एकत्र आणल्या. त्यांत तमिळही आहे.

परतताना कामराज मार्केटमध्ये भाजी. तिथल्या अक्का भरभर बोलतात आणि माझ्यासाठी वेग कमी करत नाहीत, म्हणूनच मी त्यांच्याकडे जाते. परवा मुरुंगक्काईच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा जून निघतील म्हणून त्यांनी दुसऱ्या निवडून दिल्या आणि सांबारात कधी घालायच्या तेही सांगितलं. सगळं समजलं.