एकटेच निघा, पण उन्हाच्या आधी!

मे महिन्यात ऑफिसमध्ये दोनच विषय असतात, अप्रेझल आणि सुट्टी. पहिल्याचं आपल्या हातात काही नसतं आणि दुसऱ्याचा विचका ग्रुप करतो. एकाला रजा नाही, दुसऱ्याचा साखरपुडा, तिसऱ्याचं ‘नक्की सांगतो’ शेवटपर्यंत नक्की होत नाही. मग थांबायचं कशाला? सॅक उचला आणि एकटेच निघा. एका दिवसात डोंगर, जंगल आणि तलाव असं सगळं देणारी वाट पनवेलजवळच आहे. धोदाणी ते माथेरान!

माथेरान म्हणजे नेरळ, मिनीट्रेन आणि चिक्की हे समीकरण जरा बाजूला ठेवा. मिनीट्रेन आली १९०७ मध्ये. त्याआधी, १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने हा डोंगर पायीच चढला होता. आणि पायथ्याच्या वाड्यांमधली माणसं तर त्याच्याही आधीपासून चढत होती.

तलावापासून सुरुवात

पनवेल सोडून नेऱ्याच्या पुढे गेलात की शहर मागे पडतं. वाटेत गाढी नदीवरचा गाढेश्वरचा जलाशय लागतो. पनवेलच्या नळांना पाणी पुरवणाऱ्या या तलावाचा तळ मे महिन्यात दिसायला लागतो. पावसाळ्यातल्या फोटोंवर जाऊ नका. हा उघडा काठ एकदा बघितलात की घरी शॉवर आपोआप लवकर बंद होतो.

धोदाणीतून खरी चढण सुरू होते. सहा-सातशे मीटर चढायचे, म्हणजे आपल्यासारख्या एसीवाल्यांना दोन-अडीच तास सहज. वर पोहोचता ते थेट सनसेट पॉइंटवर. समोर प्रबळगडाचं अजस्र पठार, मागे माथेरानची गर्द सावली. तिथून जंगलातून चालत शार्लोट तलाव गाठायचा. माथेरानला पाणी देणारा हा तलाव, शेजारी ग्रामदैवत पिसारनाथाचं मंदिर. काठावर बसा, डबा उघडा. पाण्यात उतरायचं मात्र नाही, ते प्यायचं पाणी आहे.

ही वाट कोणाची?

चढताना तुम्ही धापा टाकत असाल, तेवढ्यात डोक्यावर ओझं घेऊन एखादी मावशी शेजारून पुढे निघून जाईल. धोदाणीच्या परिसरातले आदिवासी दूध, भाजी, रानमेवा घेऊन माथेरानला याच वाटेने जातात. आपला ट्रेक हा त्यांच्या रोजगाराचा रस्ता आहे. तेव्हा बाजूला व्हा, ओझ्याला आधी वाट द्या. करवंदांचा द्रोण घेतलात तर दोन रुपयांसाठी घासाघीस नको. न विचारता फोटो तर नकोच.

एकट्याचा हिशेब

एकटं चालण्याची मजा म्हणजे कुणासाठी पळावं लागत नाही, कुणासाठी थांबावंही लागत नाही. पण ‘थांब, तुझा चेहरा लाल झालाय’ असं सांगणारंही कोणी नसतं. उन्हाळ्यातला खरा धोका हाच. डोकं जड झालं, गरगरलं, मळमळलं, की लगेच सावलीत बसायचं, पाणी प्यायचं, मानेवर ओला रुमाल ठेवायचा. बरं वाटलं तरी त्या दिवसापुरता चढ संपला. बरं वाटेनासं झालं, बोलताना गोंधळ उडू लागला, तर दिसेल त्या माणसाला हाक मारायची आणि १०८ ला फोन. लाजायचं नाही.

म्हणूनच निघायच्या आधी स्वतःशी एक करार करा. दहा वाजेपर्यंत माथा नाही आला, तर परत फिरायचं. डोंगर कुठे पळून जात नाही, बॉस! आणि पावसाळ्यात ही सोलो हौस नकोच. याच परिसरातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, हे विसरू नका.

सॅक भरताना

– तीन लिटर पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएस
– टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, घट्ट पकडीचे बूट
– पोळी-भाजी, गूळ-शेंगदाणे, कचऱ्यासाठी पिशवी
– घरी लिहून ठेवा: कुठून चढणार, कुठे उतरणार, किती वाजता फोन करणार

कसं जाल? पनवेलहून धोदाणीची बस. वेळा आदल्या दिवशी विचारा, पहिलीच पकडा. परतताना बाजारातून दस्तुरी नाक्यापर्यंत चाला, शेअर टॅक्सीने नेरळ आणि पुढे लोकलने ठाणेमार्गे पनवेल.