हजार डोळ्यांचा हवाला

लिनक्स समजावून सांगायची मला हौस आहे. घरातले तिला खोड म्हणतात. कुणाचा जुना लॅपटॉप रडायला लागला की पेनड्राइव्ह घेऊन मी हजर. सोबत ठरलेलं प्रवचन. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. विंडोजचा सोर्स कोड कंपनीच्या कुलपात. लिनक्सचा मात्र वाचायला, बदलायला, वाटायला सगळ्यांना मुभा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१मध्ये कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहिलं, आणि दोन्ही मिळून डेबियन, फेडोरा, उबुंटू अशा डिस्ट्रो, म्हणजे वापरायला तयार प्रणाली, निघाल्या. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल आहे, म्हटलं की समोरचा हमखास हातातल्या फोनकडे बघतो.

‘पण सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला माझं उत्तर तयार असे : कोड हजारो डोळ्यांसमोर आहे, लबाडी लपणार कुठे?

हे उत्तर मी आता देत नाही. कारण एक्सझेड.

फायली दाबून लहान करणारा हा छोटा प्रोग्रॅम. बहुतेक डिस्ट्रोंमध्ये असतो, वापरणाऱ्याला त्याचं नावही ठाऊक नसतं. त्याची देखभाल वर्षानुवर्षं एकच माणूस फावल्या वेळात, बिनपगारी करत होता. तो थकला होता, आणि तसं त्याने उघड लिहिलंही होतं. मग ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी मदतीला आलं. दोनेक वर्षं चोख काम केलं, विश्वास कमावला, देखभालीचे हक्क मिळवले आणि फेब्रुवारी २०२४मध्ये ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. रोख होता सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या एसएसएच सेवेवर. लपवला कुठे, तर चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींत, ज्या सहसा कुणी उघडून बघत नाही. त्यांना जागं करणारा तुकडा तर सार्वजनिक कोडसंग्रहात नव्हताच. तो फक्त डाउनलोडसाठी ठेवलेल्या गाठोड्यात होता.

पकडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या एका माणसाने. पोस्टग्रेस या डेटाबेसचे हे डेव्हलपर डेबियनच्या अस्थिर शाखेवर वेगाची मोजमापं करत होते. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. माझ्यासारख्याने तेवढ्यात चहाचा घोट घेतला असता. ते खणत गेले आणि २९ मार्चला त्यांनी सगळं जगजाहीर केलं.

मी टर्मिनल उघडून माझ्याकडची एक्सझेडची आवृत्ती बघितली : ५.४.१. डेबियनची स्थिर शाखा नव्याच्या मागे धावत नाही, म्हणून वाचलो. ज्या हजारो डोळ्यांचा मी हवाला देत आलो, त्यांत माझे दोन कधीच नव्हते. आता कुणी विचारलं तर सांगतो : कोड उघडा आहे, पण बघणारे मोजके, आणि त्यांतले कित्येक बिनपगारी.

‘मग विंडोजच बरं की,’ असं एक मित्र म्हणतो. इथे मात्र आमचं जमत नाही. एक्सझेड हे काही फ्रॉइंड यांचं काम नव्हतं. तरी संशय आल्यावर कुणाची परवानगी न मागता ते मुळापर्यंत जाऊ शकले. त्यांनी मांडलेला पुरावा इतरांना आपापल्या यंत्रावर पडताळता आला, आणि डिस्ट्रो लगोलग जुन्या आवृत्तीवर परतल्या. कुलूपबंद प्रणालीत अर्ध्या सेकंदाची तक्रार नोंदवून त्यांना उत्तराची वाट बघत बसावं लागलं असतं.