सुगी झाल्यावर बघू

परभणीकडे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला ‘वाटी बदलणं’ म्हणतात. खरं तर वाटी बहुधा जागेवरच राहते; मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातू बसवतात आणि मध्ये प्लॅस्टिकची चकती. पण त्या शब्दामागोमाग येणारं वाक्य मला जास्त छळतं : ‘सुगी झाल्यावर बघू.’ सोयाबीन निघालं की कापसाची वेचणी, मग तूर, मग लगीनसराई, तोवर मृग दारात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने नियोजित उपचार 18 आठवड्यांत सुरू करण्याचं बंधन घालून घेतलं आहे. ते नेहमी पाळलं जात नाही, पण किती माणसं किती दिवस थांबली, हे तिथे मोजतात. आपल्याकडचं हे थांबणं घरात, चुलीपाशी चालतं. ते कुठल्याच वहीत नसतं. आणि त्या काळात शरीर झिजतच असतं. म्हणून थांबण्याचा काळही उपचारातच धरला पाहिजे, असं माझं मत आहे.

गुडघा दुखतो म्हणून चालणं कमी होतं, चालणं कमी झालं की मांडीचा स्नायू वाळतो, आणि सांध्याला आधार त्याचाच असल्यामुळे दुखणं आणखी वाढतं. पाय धनुकलीसारखा वाकतो, गुडघा पुरता सरळ होईनासा होतो. शस्त्रक्रियेच्या वेळी पाय जितका खचलेला, तितकी नंतरची उभारी कमी. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की जठर आणि मूत्रपिंडं दुखावतात, आणि मग भूल देणंच जोखमीचं होऊन बसतं. खुरपणी उकिडवं बसून, सोयाबीनची काढणी वाकून, संडासही उकिडवं बसूनच. रात्री उठावं लागू नये म्हणून दिवेलागणीनंतर पाण्याचा घोट न घेणारी बाई आपला आजार कुणाला सांगत नाही, तो तांब्यातच ठेवते. एडिंबर्गच्या शल्यचिकित्सकांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुडघा बदलण्यासाठी थांबलेल्यांपैकी 12 टक्के रुग्णांचं जगणं आरोग्य मोजण्याच्या प्रमाणित पट्टीवर ‘मरणाहून वाईट’ या खणात पडलं. तिथे घरोघरी कमोड असताना ही गत होती.

पैसाच आडवा येतो, असं कुणी म्हणेल. येतो खरा. पण ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमती बांधून दिल्या, सर्वाधिक वापराचा सांधा कराव्यतिरिक्त 54,720 रुपयांवर आला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षणही आता कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत गेलं आहे. तरी उरतात ते नंतरचे कित्येक आठवडे : भाकऱ्या कोण थापणार, धारा कोण काढणार, नांदेडच्या दवाखान्यात सोबत कोण राहणार? हा हिशेब तारीख हातात असल्याशिवाय मांडताच येत नाही. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडीत त्यांचा एक गुडघा ऑक्टोबर 2000 मध्ये आणि दुसरा जून 2001 मध्ये बदलला. देशाचा कारभार त्या तारखांभोवती बसवता आला. मग एका घरची वेचणी का बसवता येऊ नये?

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. काही शस्त्रक्रिया घाईने होतात, झाल्यावरही सुमारे पाचातला एक रुग्ण समाधानी नसतो. मग थांबलेलंच बरं नाही का? वजन उतरवून, व्यायाम करून ज्यांचा गुडघा आणखी काही वर्षं चालेल, त्यांनी जरूर थांबावं. ते थांबणं विचारपूर्वक असतं, त्यात कुणीतरी पायाकडे लक्ष देत असतं. मी बोलतो आहे ते बेवारस थांबण्याबद्दल. आणि सर्पदंश, अपघात, बाळंतपणं यांनी भरलेल्या सरकारी दवाखान्याला गुडघ्यांसाठी सवड कुठून, असं विचाराल तर, थांबण्याच्या या काळाला शस्त्रक्रियागृह लागतच नाही. परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आठवड्यातला एक दिवस फिजिओथेरपिस्टने अशा रुग्णांसाठी राखावा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तेव्हाच पाहावं, काठी उंचीप्रमाणे कापून द्यावी, खुर्चीला भोक पाडून घरगुती कमोड कसा करायचा ते दाखवावं. खाटेवर पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबून पाच आकडे मोजायचे : एवढा व्यायाम वेचणीहून आल्यावरही होतो. आणि केसपेपरवर तारीख लिहावी, म्हणजे शेवटच्या वेचणीला माणूस कुठून आणायचा, ते घरच्यांना दसऱ्यालाच ठरवता येईल.