थोरल्याची घागर

आमच्या घरी आखाजीला घागर भरली जाई, ही गोष्ट मी आजवर मंडळीतल्या कोणाला सांगितली नव्हती. आम्ही ख्रिस्ती. आजोबांच्या लहानपणी साऱ्या घराने बाप्तिस्मा घेतला आणि पितर, आगारी, घागर हे सारे मागे पडले. निदान तशी समजूत होती. पण धुळ्याच्या घरी अक्षय्य तृतीयेच्या सकाळी आजी एक नवी घागर भरून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवी आणि तिच्या तोंडावर एक लहानसे डांगर ठेवी. कुंकू नाही, धूप नाही, मंत्र नाही. दिवसभर येणारा-जाणारा त्यातले पाणी पिऊन जाई.

ही कोणाची, असे मी विचारी. थोरल्यांची, असे ती सांगे. आणि वर म्हणे, "त्यास्ले बी तहान लागस ना, भाऊ."

थोरला म्हणजे आजोबांचा वडील भाऊ. पहिल्या महायुद्धात तो पलटणीत गेला, बसऱ्याला उतरला आणि परत आला नाही. आम्हांला ठाऊक ते एवढेच. तो गेल्यावर काही वर्षांनी घर ख्रिस्ती झाले. मंडळीच्या वहीत सगळ्यांची नावे चढली. त्याचे चढले नाही, कारण चढवायला तो नव्हताच. आजीने तर त्याला पाहिलेलेही नव्हते. घागर तिला सासूकडून आली. सासू गेल्यावरही तिने ती मोडली नाही.

त्याचे नाव तिने कधी उच्चारले नाही. तो तिचा जेठ. जिथे नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, तिथे जेठाचे कोण घेणार? आजोबा माझ्या जन्माआधी वारले होते. वडिलांनी कधी विचारले नाही. मला विचारण्याची बुद्धी झाली तोवर आजीही गेली होती. मानापोटी जे नाव कोणी घेतले नाही, ते अखेर कोणापाशीच उरले नाही.

एका ठिकाणी मात्र ते होते. सरकारने घरी एक बिल्ला पाठवला होता. त्या युद्धाच्या चांदीच्या बिल्ल्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. वडिलांच्या शाळेच्या खर्चासाठी आजोबांनी तो सोनाराला विकला. सोनाराने चांदी वितळवली असणार. वडील शिकले म्हणून मी शिकलो, आणि आज मुलांना शिकवून पोट भरतो. तेव्हा त्या चांदीचा हिशेब माझ्याच नावावर निघतो.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. 1914 ते 1918 च्या त्या युद्धात हिंदुस्थानचे सुमारे 74 हजार लोक मेले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठा पलटणीही लढल्या. कूटच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 रोजी उपासमारीने टेकीला येऊन ते ठाणे शरण गेले. आमचा थोरला तिथे होता की अन्यत्र, हे सांगणारे कोणी नाही.

महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. गावातून किती माणसे लढाईवर गेली आणि त्यांतली किती कामी आली, एवढेच त्यांवर लिहिलेले असते. आकडे आहेत, नावे नाहीत. बसऱ्याला 1929 साली स्मारक उभे राहिले, तिथेही तीच तऱ्हा. गोऱ्या शिपायांची नावे कोरली, आपल्या अंमलदारांचीही कोरली. साध्या देशी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा. ज्या संस्थेकडे या थडग्यांची व स्मारकांची देखरेख आहे, तिने 2021 साली अहवाल काढून हा भेद कबूल केला व क्षमा मागितली. एक लाखाहून अधिक लोकांची नावे कुठेच नोंदली गेली नसावीत, असे त्या अहवालात आहे. यांत बहुतेक आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले.

जुन्या कागदासाठी गावोगाव वणवण करणारे इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या डिसेंबरात धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळावरून जाताना मला वाटे, सरदारांच्या सनदा जपल्या जातात, शिपायाचा एक चतकोर कागद का जपला जात नाही? पण आम्ही तर घरातला बिल्लाही जपला नाही. मग इतिहासाला कोणत्या तोंडाने बोल लावावा?

जळगावात मी ज्या मंडळीत जातो, तिथे 11 नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी युद्धात पडलेल्यांची आठवण करतात. दोन मिनिटे सारे स्तब्ध उभे राहतात. गेल्या वर्षी ठरले, की ज्याच्या घरातला कोणी पडला असेल त्याने नाव द्यावे. मी गेलो. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी दोनच प्रश्न विचारले. त्याचा बाप्तिस्मा झाला होता का? आणि नाव काय? दोन्हींना माझे उत्तर नाही असेच होते. ते गृहस्थ वाईट नव्हेत. मृतांसाठी प्रार्थना करण्याची आपली रीत नाही आणि नाव नसलेल्याचे वाचायचे तरी काय, असे ते शांतपणे म्हणाले. मी परत फिरलो. रविवारी यादी वाचली गेली, आणि मी खाली मान घालून उभा राहिलो.

त्याच उपासनेत पुढे प्रभुभोजन झाले. भाकर हातात आली तेव्हा मनात आले, की आपला सारा धर्मच मुळी एका आठवणीवर उभा आहे. मरणाच्या आदल्या रात्री प्रभूने शिष्यांपाशी मागितले काय, तर आपली आठवण ठेवावी, हेच. आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर शेजारच्या चोराने त्याच्यापाशी तेच मागितले. त्या चोराचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. शुभवर्तमानात त्याचे नावही दिलेले नाही. तरी त्याला नाही म्हटले गेले नाही.

मी कादंबऱ्या लिहितो. माणसांना नावे ठेवणे हा माझा रोजचा धंदा. थोरल्याला शोभेल असे नाव मला चुटकीसरशी सुचेल, आणि ते यादीत दिले तर कोणी शंकाही घेणार नाही. पण ते खोटे होईल. शाळेत हजेरी घेताना नाव चुकले तर पोर उत्तर देत नाही. माझ्याकडे नुसते पाहत राहते. तसा तो पाहत राहील.

यंदा आखाजीला मी जळगावात दारापाशी घागर भरून ठेवली. बायकोने काही विचारले नाही. तिने डांगर आणून दिले. उन्हातून आलेल्या एका पोस्टमनने दोन पेले पाणी प्यायले.

आणि गेल्या आठवड्यात पाळकांना मी एक चिठ्ठी दिली. तीत लिहिले आहे : आमच्या घरातला थोरला, बसऱ्याकडे गेला, नाव घरच्यांनी हरवले. पाळकांनी ती दोनदा वाचली, घडी करून पवित्र शास्त्रात ठेवली आणि म्हणाले, "बघू या, मास्तर." रविवार अजून यायचा आहे.